दिवेलागणीचा केर

गेल्या महिन्यात आमचं कपडे धुवायचं मशीन अडून बसलं. देवरूखात बोलावल्याबरोबर इलेक्ट्रिशियन येणं म्हणजे भाग्यच म्हणायचं, पण हा आला. झाकण दोनदा उघडून मिटून म्हणाला, "मॅडम, झाकणाखालचा स्विच गेलाय. डायरेक्ट करून देतो, दहा मिनिटांचं काम." मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की त्याच्या हातातला टेस्टर खाली पडला. मग माझी मलाच लाज वाटली. त्याला चहा दिला, नवा स्विच आणायला सांगितला, आणि तो गेल्यावर उगाचच त्या बंद मशीनपाशी उभी राहिले. 'डायरेक्ट' हा शब्द कानावर पडला की मला वसंता मेस्त्री आठवतो, आणि तो आठवला की पुढचा सगळा दिवस माझं कशात लक्ष लागत नाही.

रत्नागिरीत मी अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं. वसंताचं दुकान आमच्या आळीच्या तोंडाशी होतं. दुकान कसलं, एक पत्र्याची खोली. पुढे लाकडी फळी, मागे पंखे, मिक्सर, इस्त्र्या यांचा ढीग. तो स्वतः पन्नाशीचा, काटकुळा, खाली मान घालून चालणारा. पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम एक कोरं पोस्टकार्ड असायचं. इतकी वर्षं मी ते बघितलं, पण ते कधी कुणाला लिहिलेलं पाहिलं नाही. ते कशासाठी होतं ते पुढे कळलं.

माझी त्याची पहिली भेट मिक्सरपायी झाली. मिक्सर बंद पडला म्हणून त्याला घरी बोलावलं. आला, मिक्सरकडे ढुंकूनही न पाहता स्वयंपाकघरात पाटावर बसला आणि मलाच प्रश्न विचारायला लागला. शेवटचा चालला तेव्हा काय वाटत होतात? चटणी. कसली? सुक्या खोबऱ्याची. किती वाट्या? मध्ये थांबलात का? वास आला का? बंद कोणी केला, तुम्ही की आपोआप? दिवसभर मी पोरांना प्रश्न विचारायची, आणि इथे माझीच तोंडी परीक्षा चाललेली. मी वैतागून म्हटलं, अहो, उघडून बघा ना एकदा. तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, मशीन बंद नाय पडत. ता नाय म्हणतं. का नाय म्हणतं ता आधी बघायचा, मग हात लावायचा."

मग त्याने मिक्सर उलटा केला, बुडाचं लाल बटण अंगठ्याने आत दाबलं, सरळ ठेवला आणि चालू केला. मिक्सर सुरू झाला. मी खोबरं जास्त कोंबलं होतं, मोटर तापली होती, आणि तिने स्वतःला वाचवलं होतं, एवढंच. मला आठवतं ते वेगळंच. मिक्सर चालू असेपर्यंत त्याने भिंतीवरच्या बटणावरून हात काढला नाही. पातं पूर्ण थांबलं, तेव्हा कुठे हात खाली आला. मला वाटलं, असेल एखाद्याची लकब. पुढे पाहिलं तर पंखा असो, पंप असो, पिठाची घरघंटी असो, हा माणूस यंत्र चालू करून कधी बाजूला झालाच नाही. चहा पुढे केला तरी म्हणायचा, थांबू दे.

डायरेक्ट तो करत नसे. दुरुस्तीच्या धंद्यात हे व्रत म्हणजे आपल्या पायावर धोंडा. कुठलाही स्विच गेला की दोन वायरी जोडून गिऱ्हाईक मोकळं करायचं, हा आपल्याकडचा राजमार्ग. आमच्या मागच्या आळीत एका बँकेतल्या साहेबांनी घरघंटीच्या दाराचा स्विच दुसऱ्याच कुणाकडून डायरेक्ट करून घेतला होता, म्हणजे दार उघडं असलं तरी घंटी फिरायची. वसंता तिथे पंखा लावायला गेला आणि हे त्याच्या नजरेस पडलं. तो म्हणाला, आधी ही वायर काढतो. साहेब म्हणाले, तुला सांगितलंय कोणी? तर वसंता हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसून राहिला. दुपारची जेवणं झाली तरी हा तिथेच. साहेब चिडून म्हणाले, पोलिसांना बोलावू का? हा म्हणाला, "बोलवा. ते येईसतर वायर काढून होईल." शेवटी साहेबीणबाईंनीच हात जोडून त्याला आत घेतलं. आळीत त्यावर आठवडाभर हसणं झालं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट म्हणजे तो गणपतीला घरी जात नसे. त्याचं गाव पालीच्या आत चार मैलांवर, घरी सात दिवसांचा गणपती. मुंबईचा माणूस नोकरीवर पाणी सोडून गणपतीला कोकणात येतो, आणि हा तासाभरावरच्या गावी जायचा नाही. चतुर्थीला सगळा बाजार बंद, आणि याची फळी उघडी. कोणी टोकलं तर म्हणायचा, गणपतीतच मशीनं जास्त बिघडतात. कोकणातल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य म्हणजे जवळजवळ पाप. लोक म्हणत, भावाशी वाटणीचं भांडण असणार. कोकणात भावांमध्ये दुसरं कशाचं असतं?

आता माई आठल्ये. त्या आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण. सत्तरीच्या, ताठ, बोलणं तोंडावर. त्यांचा एकुलता एक मुलगा शिरीष बारा वर्षं अमेरिकेत होता. लग्न तिकडेच झालं नि तिकडेच मोडलं. अठ्ठ्याण्णव साली तो कायमचा परत आला, पावसची आंब्याची बाग बघायला. येताना तिकडचं सगळं घर खोक्यांत भरून घेऊन आला. त्यात कमरेइतक्या उंचीचं एक पांढरं कपाट होतं. कपाट म्हणजे केर दाबायचं यंत्र. खाली खण, खणात जाड पिशवी. पिशवीत कचरा टाकायचा, खण ढकलायचा, किल्ली फिरवून बटण दाबलं की वरून लोखंडी पाट खाली येतो आणि कचऱ्याची वीट करतो. शेजारी ट्रान्सफॉर्मरचं लोखंडी खोकं, कारण त्याला तिकडची वीज लागे.

सगळी आळी ते बघून गेली. माईंनी तर कपाळावर हात मारला होता. आमच्याकडे केर होतो कुठे? सालं गुरांना, करवंट्या बंबात, पालापाचोळा माडाच्या बुंध्याशी. दाबायला उरतं काय? पण शिरीषने ते यंत्र लावलं, आणि गंमत म्हणजे ते माईंच्याच एका नियमामुळे घरात रुळलं. दिवेलागणीनंतर केर घराबाहेर टाकायचा नाही, लक्ष्मी जाते, हा माईंचा नियम. शिरीष बागेतून यायचा तिन्हीसांजेला, हातात आंब्याच्या पेट्यांतला पेंढा, कागद, काय काय घेऊन. माई ओरडायच्या. तो म्हणायचा, "बाहेर कुठे टाकतोय? घरातच तर दाबतोय." मग आधी घुर्र, मग कचऱ्याची करकर, मग एक धप्प. की लगेच माई देवापुढे दिवा लावायच्या. तीन वर्षं आम्हीही भिंतीपलीकडून तो आवाज ऐकत होतो. माझी मुलगी तो ऐकून शुभंकरोतीला बसायची.

दोन हजार एकच्या मे महिन्यात शिरीष बागेत पेट्या भरता भरता छातीला हात लावून खाली बसला, तो उठला नाही. वय त्रेचाळीस. त्याविषयी मी जास्त लिहीत नाही.

वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात, आषाढ लागल्यावर, माई एक दिवस माझ्याकडे आल्या. त्या कधी कुणाच्या दारी काही मागायला जात नसत. म्हणाल्या, "अगो, ते यंत्र चालू होत नाही. एका इलेक्ट्रिशियनला दाखवलं. तो म्हणतो डायरेक्ट करतो, पण आधी खण बाहेर ओढा म्हणतो. तुझा तो मेस्त्री बोलाव. आणि तू ये, त्या पुस्तकातलं इंग्रजी वाचायला."

मी विचारलं, आता कशाला हवंय ते? माई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिन्हीसांजेला घर फार गप्प होतं. मला एकदा तो आवाज ऐकायचाय."

वसंता आला. नेहमीप्रमाणे आधी पाटावर बसला. शेवटचं चाललं कधी? माईंनी तारीख सांगितली. शिरीष गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची. कोणी चालवलं? त्याने. पूर्ण चाललं की मध्येच थांबलं? पूर्ण. त्यानंतर? त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. मग तो मला म्हणाला, बाई, पुस्तकात 'चालू होत नाय' असं पान असेल, ता वाचा. मी वाचत गेले आणि तो एकेक तपासत गेला. प्लग नीट बसलाय का? बसलाय. ट्रान्सफॉर्मरमधून वीज येते का? त्याने मीटर लावून पाहिलं, येते. फ्यूज? शाबूत. किल्ली फिरते का? किल्ली माईंच्या कमरेच्या जुडग्यात होती. त्यांनी ती काढून दिली, फिरली. खण पूर्ण बंद आहे का? आहे, माई म्हणाल्या, दिसतोय की बंद.

वसंताने खिशातलं पोस्टकार्ड काढलं. खणाच्या कडेच्या फटीत सरकवलं. डावीकडे घातलं ते सरळ आत गेलं, उजवीकडेही गेलं. त्याने खण गुडघ्याने रेटला, पुन्हा कार्ड घातलं, पुन्हा आत गेलं. म्हणाला, "एक सूत बाहेर हाय." सूत म्हणजे सुतारांचं माप, इंचाचा आठवा भाग. तेवढ्यासाठी मागचा स्विच दाबला जात नव्हता, आणि तो दाबला गेल्याशिवाय यंत्र जागचं हलणार नव्हतं, कारण खण उघडा असेल तर आत कुणाचा हात असू शकतो. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. मागे काहीतरी अडकलं असेल, खण ओढून काढायचा.

पण वसंताने खणाला हात लावला नाही. त्याने वाकून वास घेतला. मग विचारलं, "माई, आत काय हाय?"

"काही नाही. रिकामाच आहे."

"रिकाम्या खणाला कापूर कशाला घातलात?"

माई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग खाली बसल्या, तिथेच, जमिनीवर. तेव्हा कळलं की शिरीषने दाबलेली ती शेवटची पिशवी वर्षभर आतच होती. त्या संध्याकाळचा पेंढा, रद्दी, दुधाच्या दोन पिशव्या, करवंट्या, त्याने खाल्लेल्या आंब्यांच्या बाठी. दिवसकार्य झाल्यावर नातेवाइकांनी सगळं घर आवरलं होतं. कपडे वाटले, चपला काढल्या, दाढीचं सामानसुद्धा टाकलं. या खणाला मात्र माईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. "त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तुम्ही लोकांनी टाकलंत." तुम्ही लोकांत मीही होते. चपला मीच दिल्या होत्या, आमच्या मोलकरणीच्या नवऱ्याला.

वसंताने खण हळूच चार बोटं पुढे ओढून आत बॅटरी मारली. पेंढ्याने दोन पावसाळ्यांची ओल धरली होती. तो फुगून खणाच्या मागच्या कडेवरून बाहेर आला होता. तोच सूतभर जागा अडवत होता. मी म्हटलं, पिशवी अलगद काढून माळ्यावर ठेवू, म्हणजे दोन्ही होईल. वसंताने मान हलवली. पिशवी कुजून फाटली होती, गठ्ठा चारी बाजूंनी फुगून खणात रुतला होता. काढायचा तर कापून काढावा लागेल, अख्खा यायचा नाही.

माई म्हणाल्या, "मग काढू नको. मागच्या स्विचला काडी लाव, दोरा बांध, काहीही कर. एकदाच चालू कर. खण मी धरून ठेवते."

"माई, डायरेक्ट मी करत नाय."

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

"तुमच्यासाठी तर नायच."

माईंचा आवाज चढला. त्या मेस्त्र्याला काय काय बोलल्या ते सांगत नाही, म्हाताऱ्या माणसाचं दुःख ते. तो मान खाली घालून ऐकत होता. त्यांचं बोलून झाल्यावर त्याने जे सांगितलं, ते मी त्याच्या तोंडून तेव्हा एकदाच ऐकलं.

वीस वर्षांपूर्वी तो बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. त्याचा धाकटा भाऊ सदा, त्यालाही त्यानेच तिथे चिकटवलेलं. लाद्या फोडायच्या यंत्रावर झाकण होतं. झाकण उघडलं की यंत्र थांबायचं. एक दिवस झाकण वाकलं, नीट बसेना, यंत्र सुरू होईना. होड्या बर्फासाठी खोळंबलेल्या, मालक डोक्यावर उभा. वसंताने दोन वायरी जोडून दिल्या. दोन तासांपुरतं, असं म्हणाला. आणि चहाला गेला. सदाला वाटलं, झाकण उघडलंय म्हणजे यंत्र थांबणारच, नेहमी थांबतं. अडकलेली लादी सोडवायला त्याने हात आत घातला.

"मी बटणाशी नव्हतो," वसंता म्हणाला. "उजवा हात कोपरापासून गेला. जगला तो, हाय गावाला. मला एका शब्दानं काय बोलला नाय आजपर्यंत. पण माई, गणपतीची आरती लागली की सगळे टाळ्या वाजवतात, आणि सदा नुसता उभा असतो. दोन वर्षं बघितला. तिसऱ्या वर्षी गेलो नाय."

घरघंटीवाल्या साहेबांच्या उंबऱ्यावर बसलेला वसंता मला आठवला, आणि आमचं ते हसणं. मला फार वाईट वाटलं. जाताना तो म्हणाला, "पिशवी ठेवा, नायतर आवाज ठेवा. मला दोन्ही देता येणार नाय. घाई नाय माई, मशीन काय पळत नाय."

चौथ्या दिवशी सकाळी माईंनी आम्हा दोघांना बोलावलं. अंघोळ करून, केस बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काढ. सकाळी काढ. तिन्हीसांजेला त्याचा केर मी घराबाहेर जाऊ देणार नाही." वसंताने तो गठ्ठा तासभर खपून कापून काढला. माईंनी सुपात पेंढा नि बाठी वेगळ्या केल्या, मागीलदारी शिरीषने लावलेल्या माडाच्या मुळाशी स्वतः नेऊन घातल्या. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत टाकल्या. रडल्या नाहीत. मी रडले, आणि त्यांनी मला, डोळे पूस, असं फटकारलं.

संध्याकाळी खण आत गेला. पोस्टकार्ड फटीत शिरेना. वसंता भिंतीवरच्या बटणापाशी उभा राहिला, त्यावर हात ठेवला. माईंनी किल्ली फिरवली आणि यंत्राचं बटण दाबलं. घुर्र आवाज आला, पाट खाली गेला, वर आला, थांबला. अर्ध्या मिनिटाचा खेळ. मी आनंदाने माईंकडे बघितलं.

माई म्हणाल्या, "हा तो नव्हे."

रिकामा खण रिकाम्यासारखाच वाजणार. करकर नाही, शेवटचा धप्प नाही. त्याच्या हातचं होतं ते माईंनी आवाजासाठी दिलं होतं, आणि आवाज आला तो भलताच. वसंताचा चेहरा मी विसरणार नाही. यंत्र चालू होतं आणि काम झालेलं नव्हतं, असं त्याच्या बाबतीत कधी झालेलं नसावं. तो हत्यारांची पिशवी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सायकलला केराची पिशवी अडकवून तो माईंच्या फाटकातून आत शिरला. पेंढा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, करवंट्या. पेंढा त्याने कुठल्या गोठ्यातून मागून आणला होता. आळीत बभ्रा झालाच. दिवेलागणीला आपल्या घरचा केर कोणी बाहेर काढत नाही, आणि हा मेला दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकतो. एकीने तर मला विचारलं, करणीबिरणी नाही ना? मी म्हटलं, केर दाबायच्या यंत्रात केर नको तर काय नैवेद्य घालायचा? पण मला स्वतःलाच त्या पहिल्या संध्याकाळी अंगावर काटा आला होता. गेलेल्या माणसाचा केर बाहेरून गोळा करून आणल्यासारखं ते वाटत होतं.

तो रोज यायचा. खण भरायचा, बटणाशी उभा राहायचा, माई यंत्र चालू करायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. पेंढा ओला आहे, माई सांगायच्या. मग तो कागद जास्त घालायचा. तेवढ्याने करकर येत नाही, त्या म्हणायच्या. जवळ आला, पण नाही. मग आठव्या-नवव्या दिवशी त्याने करवंट्या सगळ्यात वर घातल्या. पाट खाली आला आणि त्या फुटल्या. कडाड, कडाड, मग करकर, मग धप्प. भिंतीपलीकडून माझी मुलगी ओरडली, "आई, शिरीषमामा!" माईंनी दिवा लावला. त्यांचा चेहरा वर्षाने मोकळा दिसत होता.

मी मात्र वसंताकडे बघत होते. करवंटी फुटताना त्याचे खांदे वर गेले होते. बटणावरची बोटं पांढरी पडली होती, आणि उजवं कोपर त्याने दुसऱ्या हातात गच्च धरलं होतं. बर्फाची लादी कशी फुटते ते मी बंदरावर ऐकलेलं आहे. तो आवाज करवंटीसारखाच येतो.

तरी तो महिनाभर येत राहिला. मी एकदा रस्त्यात गाठून म्हटलं, मेस्त्री, करवंट्या नका घालू. तो म्हणाला, मग तसा वाजणार नाय. मी म्हटलं, तुम्हाला त्रास होतो. तर म्हणाला, होऊ दे, आता बटणाशी हाय ना मी. इंग्रजी शिकवणारी बाई मी. व्याकरणाबाहेरचं मला थोडंच सुचतं.

माईंनाही ते दिसत होतं. त्या बोलल्या ते गणपतीच्या चार दिवस आधी. मी तिथेच होते. वसंता खणात करवंट्या रचत होता. माईंनी त्या एकेक करून बाहेर काढल्या आणि कोपऱ्यात ठेवल्या.

"आजपासून या नकोत."

"माई, तसा वाजणार नाय."

"नाही वाजला तर नाही वाजला. मी ऐकला पोटभर." मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि बटणावर स्वतःचा हात ठेवला. "बटणाशी मी उभी राहते. तू गणपतीला घरी जा, वसंता."

तो तसाच उकिडवा बसून राहिला, तोंड खणाकडे करून. त्या दिवशी यंत्र मी चालू केलं. नुसती करकर झाली. पाट वर जाऊन थांबेपर्यंत माईंनी हात काढला नाही.

तो जाईल असं मला वाटलं नव्हतं. पुढचे तीन दिवस दुकानाची फळी बंद आणि आतून ठोकल्याचा आवाज. मी समजले, कामं तुंबली असतील. माझी देवरूखला बदली झाली होती. चतुर्थीच्या सकाळी काही सामान पुढे पाठवायला मी स्टँडवर गेले. गाड्यांना मरणाची गर्दी. पालीच्या गाडीत खिडकीशी वसंता बसलेला दिसला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मी खिडकीपाशी गेले.

त्याच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी विचारायच्या आत त्यानेच कागद थोडा बाजूला केला. एक गुळगुळीत तासलेली सागाची फळी, खाली पायाने दाबून धरायला लोखंडी पट्टी. फळीवर स्प्रिंगवर बसवलेली पितळेची एक झांज, वर तोंड केलेली. जोडीतली दुसरी झांज सुटी, डाव्या हाताला बसेल अशी मूठ लावलेली. एका हाताने आरतीला वाजवायची झांज.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "नीट वाजते ना? बघितलीत चालवून?"

मिक्सर असो की पंप असो, चालवून बघितल्याशिवाय या माणसाने कधी काही हाताबाहेर दिलं नव्हतं. त्याने कागद पुन्हा नीट गुंडाळला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"नाय," तो म्हणाला. "ती सदानंच पयली वाजवायची. नायच म्हणाला तो, तर का ता समजून घेईन."

गाडी सुटली. गणपती होऊन तो परत येईपर्यंत मी देवरूखला आले होते, आणि पुन्हा आमची गाठ पडली नाही.